वस्तऱ्याने दाढी शिकताना : धार, ताण आणि हलका हात

सेफ्टी रेझरमध्ये किंवा कार्ट्रिजमध्ये पात्याचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो आणि पात्यापुढची पट्टी त्वचा थोडीफार ताणून देते. वस्तऱ्यात ही दोन्ही कामे आपल्याकडे येतात. एक हात कोन सांभाळतो, दुसरा त्वचा ताणतो. हे दोन्ही जमले आणि पात्याला खरी धार असली, की वस्तरा जवळजवळ स्वतःच्या वजनाने चालतो. दाबावासा वाटला, तर काहीतरी कमी पडते आहे असे समजावे : धार, फेस, ताण किंवा कोन. ती उणीव दाबाने भरून काढायला गेले की कापते. नवशिक्यांच्या बहुतेक जखमा अशाच होतात, म्हणून इथे दाढीइतकीच जागा दाढीच्या आधीच्या कामांना दिली आहे.

वस्तरा निवडताना

आधी भागांची नावे पाहू, कारण पुढे ती सारखी लागतील. धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड म्हणजे पाठ. पात्याचे मोकळे टोक म्हणजे टोक आणि दांडीकडचा कोपरा म्हणजे टाच. पाते ज्यावर मुठीत फिरते ती खिळी. पाते जिथे संपते तिथून खिळीपर्यंतचा धार नसलेला भाग म्हणजे दांडी, तिच्या मागे वळलेली निमुळती शेपटी, आणि पाते ज्यात मिटते ती मूठ.

पात्याची रुंदी पाठीपासून धारेपर्यंत मोजतात आणि इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ४/८ म्हणजे सुमारे १३ मिमी, ५/८ म्हणजे १६ आणि ६/८ म्हणजे १९. शिकायला ५/८ किंवा ६/८ घ्या. ४/८ नाकाखाली छान फिरतो, पण त्यावर फेस लगेच साचतो आणि पाते हलके असल्यामुळे कोन डगमगतो. ७/८ आणि त्याहून रुंद पाती गालावर उत्तम चालतात, मात्र ओठाजवळ आडवी येतात.

टोक गोल असलेलेच घ्या. चौकोनी टोकाने मिशीची रेघ सुबक काढता येते, पण शिकताना ते कानाची पाळी आणि नाकपुडीची कड हमखास शोधून काढते. हातात चौकोनी टोकाचाच वस्तरा असेल, तर धार लावणाऱ्याकडून त्याचा कोपरा दगडावर किंचित बोथट करून घ्यावा. दाढीत काही फरक पडत नाही.

पात्याच्या दोन्ही बाजू कमी-जास्त खोलगट घासलेल्या असतात. पूर्ण खोलगट पाते पातळ असते. ते त्वचेवर किंचित लवते आणि केस कापताना स्पष्ट आवाज देते. पाचरीसारखे भरीव पाते जड असते, आवाज कमी करते आणि राठ दाढीत सरळ जाते. शिकणाऱ्यासाठी पूर्ण किंवा अर्धे खोलगट पाते बरे, कारण तो आवाज शिकवतो : सलग, कोरडा, बारीक खरखर आवाज म्हणजे कोन बरोबर आहे. पोलाद कार्बनचे की स्टेनलेस, याची सुरुवातीला फार चिंता करू नये. कार्बनचे पोलाद ओले राहिले तर गंजते, पण दगडावर लवकर धार घेते. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण दगडावर वेळ खाते.

जर्मनीतील झोलिंगेन आणि इंग्लंडमधील शेफील्ड ही वस्तऱ्यांसाठी जुनी नावाजलेली शहरे. झोलिंगेन हे नाव पात्यावर कुणी घालावे, यावर १९३८ पासून जर्मनीत कायद्याचे बंधन आहे. पण नाव पोलादाची हमी देते, धारेची नाही. जुना वस्तरा घेत असाल तर तीन गोष्टी पाहा. धारेला लागून गंजाचे खड्डे नकोत, कारण दगडावर घासल्यावर धार नेमकी त्या खड्ड्यात येऊन तुटते. उजेडात तिरके धरल्यावर धारेपासून वर जाणारी बारीक रेघ दिसली तर ती चीर असते, तो वस्तरा सोडून द्या. आणि पाते काचेवर आडवे ठेवल्यावर डुगडुगत असेल तर ते वाकलेले आहे. पाठीवरचा काळपटपणा किंवा मुठीवरचे ओरखडे मनावर घेऊ नका.

बदलत्या पात्याचा वस्तरा सोपी पहिली पायरी आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. त्यातले पाते अतिशय तीक्ष्ण, पण हलके आणि ताठ असते. कोनाची लहानशी चूकही ते माफ करत नाही आणि त्याचा कोपरा सहज रुततो. त्याचा फायदा एकच : चामड्याच्या पट्ट्यावर परजणे आणि धारेचा दगड लागत नाही. ज्याला खरा वस्तरा शिकायचा आहे, त्याने थेट खराच घ्यावा.

धार तयार आहे का?

नव्या वस्तऱ्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. कारखान्यातून आलेले पाते कागद सरसर कापते, पण दाढीचा केस चेहऱ्यावर न ओढता कापणे ही वेगळी परीक्षा आहे आणि बरीच नवी पाती तिच्यात उतरत नाहीत. त्यामुळे वस्तरा घेताना तो दाढीयोग्य धार लावून मिळतो का, हे विचारून घ्या. मिळत नसेल तर आधी वस्तऱ्यांना धार लावणाऱ्या जाणकाराकडे द्या. फिरत्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे देऊ नका. चाकाच्या उष्णतेने पातळ धारेचे पोलाद नरम पडते आणि पाठ व धार यांचे प्रमाण बिघडते. ते पुन्हा जागेवर आणणे फार कठीण.

घरी करण्याजोगी एक चाचणी अशी. दंडावरच्या किंवा पोटरीच्या केसांवरून पाते त्वचेपासून ४–५ मिमी उंच ठेवून हलके फिरवा. त्वचेला न टेकता केसांचे शेंडे तुटले पाहिजेत. ही चाचणी टाच, मध्य आणि टोक अशी तीन ठिकाणी करा, कारण बऱ्याचदा मध्य उत्तम आणि टोक बोथट असते. धारेवरून बोट मात्र कधीही फिरवू नका. त्याने धार कळत नाही, बोट कापते.

परजणे

केसाच्या मानाने पोलाद कितीतरी कठीण, तरी धार जातेच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेला बारीक टवके पाडतो, आणि केस धारेशी तिरका येऊन वाकला की हे जास्त घडते, असे त्यांना दिसले. शिवाय धारेची टोकाची कड दर दाढीत किंचित इकडेतिकडे वळते. चामड्याच्या पट्ट्यावर परजल्याने ही कड सरळ होते आणि घोटली जाते. पोलाद मात्र फारसे निघत नाही. म्हणून परजून बोथट वस्तरा धारदार होत नाही. उलट, चुकीचे परजून धारदार वस्तरा पाच मिनिटांत बोथट होतो. नवशिक्याची धार दाढीपेक्षा पट्ट्यावरच जास्त मरते, तेव्हा या भागाला घाई नको.

पट्टा ७–८ सेंमी रुंद असावा, म्हणजे पाते पूर्ण मावते. वापरात येणारी लांबी ४० सेंमीच्या आसपास पुरते. एक बाजू कापडाची आणि एक चामड्याची असलेला जोडपट्टा सोयीचा. पहिला पट्टा साधाच घ्या, कारण त्यावर एक-दोन चिरा पडणारच आहेत.

पट्टा कमरेच्या उंचीला हुकात अडकवा आणि दुसरे टोक डाव्या हाताने ताणून धरा. तो मध्ये झोळ पडणार नाही इतका ताठ हवा. झोळ पडला की चामडे धारेभोवती वर वळते आणि धार गोल होते. आता पाते पट्ट्यावर सपाट ठेवा : पाठही टेकलेली, धारही टेकलेली. पाठ पुढे, धार मागे, अशा दिशेने पाते शरीरापासून दूर न्या. पट्टा संपायच्या आधी थांबा. पाठ पट्ट्यावरून अजिबात न उचलता, अंगठा आणि तर्जनी यांच्यात दांडी गोल फिरवून पाते पाठीवर उलटा. म्हणजे धार वर उचलली जाऊन पलीकडे जाते. मग पाठ पुढे ठेवूनच परत या. जाणे आणि येणे मिळून एक फेरी.

मनगट वळवू नका, फिरते ती दांडी, बोटांत. मनगट वळले की पात्याचे टोक किंवा टाच उचलली जाते. आणि थांबल्याशिवाय उलटू नका. पाते चालू असतानाच उलटले, की धार चामड्यात घुसते आणि पट्ट्यावर चंद्रकोरीसारखी चीर पडते. अशी उथळ चीर बारीक सँडपेपरने घोटून सपाट करता येते. खोल चिरेचा पापुद्रा रबरी डिंकाने चिकटवून, सुकल्यावर घोटा.

दर दाढीआधी कापडावर २०–२५ आणि चामड्यावर ४०–५० फेऱ्या पुरतात. दाब फक्त इतकाच, की पाते पट्टा सोडत नाही. वेग सुरुवातीला एका दिशेला एक सेकंद इतका संथ ठेवा. पट्ट्यावर सटासट हात चालवणे पाहायला छान वाटते, पण वेगाने धारेचे काहीच भले होत नाही. पहिले काही दिवस पात्याऐवजी जेवणाच्या बोथट सुरीवर उलटण्याच्या हालचालीचा सराव करा.

पाणी आणि फेस

कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारे बळ खूप कमी होते. म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी, किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर धरावा. चेहरा पुसून कोरडा करू नये.

ब्रश कोमट पाण्यात एक-दोन मिनिटे भिजवून हलका पिळून घ्या. साबणावर तो साधारण ३० सेकंद गोल फिरवा, केसांवर घट्ट लेप चढला पाहिजे. मग वाडग्यात किंवा थेट गालावर फेटा आणि पाणी एका वेळी चार-पाच थेंबच घाला. एकदम पाणी ओतले की फेस फुगतो, पण त्यात नुसती हवा असते. फेस तयार झाला की ब्रश वर उचलल्यावर त्याची शेंडी उभी राहून टोकाशी किंचित वाकते, पृष्ठभाग चकचकीत दिसतो आणि डोळ्यांना बुडबुडे दिसत नाहीत. दोन बोटांत चोळला तर निसरडा लागतो. कोरडा फेस चेहऱ्यावर मिनिटभरात सुकून पात्याला चिकटतो आणि पाते अडखळते. नवशिक्याला एका गालाला बराच वेळ लागतो, म्हणून फेस किंचित ओलसर बाजूलाच ठेवा आणि एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला लावा. डब्यातून फवारून येणारा तयार फेस वस्तऱ्याला कामाचा नाही. तो दिसतो जाड, पण निसरडेपणा कमी देतो.

त्वचा ताणणाऱ्या हाताची बोटे कोरडी हवीत. शेजारी कोरडा नॅपकिन ठेवा. बोटे तरीही घसरत असतील तर ती ओल्या तुरटीवर घासा, पकड लगेच येते.

पकड आणि कोन

मूठ पात्याच्या सरळ रेषेपलीकडे उघडा, इतकी की ती पाठीच्या बाजूला वर उभी राहील. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका दांडीच्या वरच्या बाजूला, करंगळी शेपटीवर, अंगठा दांडीच्या खालून, पात्याला लागून. पकड घट्ट नको. दांडी बोटांत सहज फिरवता आली पाहिजे.

पाते गालावर पूर्ण आडवे टेकवा आणि मग पाठ उचला. त्वचेशी ३० अंशांच्या आसपासचा कोन हवा. ५/८ पात्यात ३० अंश म्हणजे पाठ त्वचेपासून सुमारे ८ मिमी वर, साधारण करंगळीच्या नखाच्या रुंदीइतकी. आरशात कोन मोजता येत नाही, पण हे अंतर दिसते. कोन फार कमी असेल तर पाते केसांवरून घसरते आणि ओढते. फार जास्त असेल तर त्वचा खरवडली जाते आणि धार रुतते. वळणावर पाते तसेच ठेवले तरी त्वचाच वळल्यामुळे कोन बदलतो, म्हणून हनुवटीला बोटांत दांडी थोडी थोडी फिरवत राहावी लागते.

एक नियम मोडायचा नाही : पाते नेहमी धारेशी काटकोनात चालते. धारेच्या लांबीच्या दिशेने ते एक मिलिमीटरही सरकता कामा नये. वस्तरा त्वचेवर टेकवून आडवा सरकला, की तो सुरीसारखा कापतो, आणि दाब अजिबात नसतानाही कापतो. पाते टेकवून जागा शोधत बसू नका. उचला, जागा पाहा, मग टेकवा आणि लगेच चालवा.

केसांची दिशा

दाढी एक-दोन दिवसांची असताना बोटांची टोके चेहऱ्यावरून चारी दिशांना फिरवा. जिकडे बोट गुळगुळीत जाते ती केसांची दिशा, जिकडे खुंट अडवतात ती उलटी. गालावर केस बहुतेक खाली जातात. गळ्यावर भरवसा नाही : कुणाचे खालून वर, कुणाचे कानाकडे, कुणाच्या कंठमण्याशेजारी चक्क भोवरा. कागदावर चेहरा काढून बाण मांडा आणि तो कागद आरशाजवळ लावा.

पहिल्या दाढ्या

पहिल्या तीन-चार वेळा फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करा, बाकीचा चेहरा नेहमीच्या रेझरने. पूर्ण चेहरा करायला गेलात तर निम्म्यात लक्ष थकते, आणि हात दाबायला लागतो तो त्याच वेळी. गाल सपाट, हाडाचा आधार असलेले, म्हणून तेच पहिले. मग जबड्याची कड, मग गळा, मग हनुवटी आणि सगळ्यांत शेवटी वरचा ओठ. प्रत्येक भागाला आठवडा दिला तरी चालेल. संपूर्ण दाढीला सुरुवातीला अर्धा-पाऊण तास लागतो. घाईच्या सकाळी हा प्रयोग करू नका.

उजवा गाल : डावा हात डोक्यावरून आणून बोटे कल्ल्याच्या वर टेकवा आणि त्वचा वर ओढा. ताण असा हवा, की गालावर एकही मऊ घडी उरणार नाही. पाते कल्ल्याच्या खाली आणा, टेकता टेकताच खाली चालवायला लागा आणि २–३ सेंमीनंतर उचला. लांब हात मारू नका. पुढचा हात आधीच्या जागेवर थोडा चढवा. पाते दर दोन-तीन हातांनंतर पुसा : ओल्या स्पंजवर पाठीकडून धारेकडे, धार मागे राहील असे. नळाखाली धुताना धार तोटीला किंवा बेसिनला लागू देऊ नका, एका ठोक्याने टवका उडतो.

डावा गाल : डाव्या हाताने करावा. सुरुवातीला अवघड वाटते, पण डावा हात सावध असल्यामुळे आपोआप हलका चालतो आणि दोन आठवड्यांत जमतो. उजव्या हाताने केले तर हात चेहऱ्यासमोरून जातो आणि नेमकी पात्याची जागा आरशात झाकली जाते.

जबड्याची कड ही कड म्हणून करायचीच नाही. गालावर बोटे ठेवून त्वचा इतकी वर ओढा, की जबड्याखालचे केस गालाच्या सपाटीवर येतील, आणि मग ती सपाट जागा करा. गळ्यासाठी मान मागे झुकवा आणि त्वचा केसांच्या दिशेच्या उलट बाजूला ओढा : केस खाली जात असतील तर वर, वर जात असतील तर गळपट्टीच्या हाडाकडे. कंठमण्यावरून पाते नेऊ नका. त्वचा बोटांनी डावीकडे सरकवा, ती कंठमण्यावरून उतरून बाजूच्या सपाट जागेवर येते. ती करा, मग उजवीकडे सरकवून उरलेली.

हनुवटीला केस सर्वांत दाट आणि पृष्ठभाग गोल, त्यामुळे पात्याचे एका वेळी काही मिलिमीटरच टेकतात आणि सगळे वजन तिथेच येते. म्हणून हात आणखी हलका आणि चाल एक सेंमीची. खालचा ओठ दातांवर आत घ्या, हनुवटी ताणली जाते. ओठाखालच्या खोलगट जागेत फक्त टोकाकडचा भाग वापरा. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर खाली ओढा आणि नाकाचे टोक डाव्या बोटाने वर उचला. नाकपुडीखालून ओठाच्या कडेआधी थांबेल अशी छोटी चाल. ओठाची लाल कड कधीही पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. तोंडाच्या कोपऱ्यांना आतून जीभ लावून त्वचा फुगवता येते.

कुठेही ओढल्यासारखे झाले की थांबा आणि याच क्रमाने पाहा : ताण सुटला का, फेस सुकला का, पाठ किती वर आहे. तिन्ही ठीक असूनही ओढते, तर धार. त्या जागेला तसेच सोडून नेहमीच्या रेझरने पूर्ण करा. आणि वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जाऊ नका. मागे सरा, पडू द्या. पाते दुरुस्त होते. बेसिनच्या तळाशी टॉवेल अंथरून ठेवला तर पातेही वाचते.

दुसरा आणि तिसरा हात

पहिले दोन-तीन आठवडे केसांच्या दिशेने एकच हात, म्हणजे एका जागेवरून पाते एकदाच. थोडे खुंट राहतील, राहू द्या. मग दुसरा हात आडवा, केसांच्या दिशेला काटकोनात, दर वेळी नवा फेस लावून. फेसाशिवाय ‘इथे थोडेसेच’ म्हणून फिरवलेले पाते सगळ्यात जास्त आग करते. तिसरा, केसांच्या उलट दिशेचा हात फक्त आडवा सहज जमू लागल्यावर, आणि तोही आधी गालावर. गळ्यावर उलटी दाढी प्रत्येकाला मानवत नाही. कुरळ्या केसांत उलटे कापलेले टोक त्वचेखाली जाऊन आत वाढते आणि लाल पुळ्या येतात. तसे होत असेल तर गळ्याला दोन हातांवरच थांबावे. काहींच्या गळ्याला हाच कायमचा नियम ठरतो.

कापले तर

बारीक काप गार पाण्याने धुऊन स्वच्छ कपड्याने दोन मिनिटे दाबला की बहुधा थांबतो. ओल्या तुरटीने रक्त लवकर आवरते. खोल जखम दहा मिनिटे सलग दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका. तरीही थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर वस्तरा शिकण्याआधी डॉक्टरांना विचारा. मुरमे, तीळ आणि चामखीळ यांवरून पाते नेऊ नका. वस्तरा एकाच माणसाचा असावा : हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि पात्यावरचे न दिसणारे रक्तही त्याला पुरते. जुना विकत घेतलेला वस्तरा नीट धुऊन ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि खिळीच्या फटीतही ते जाऊ द्या.

दाढी झाल्यावर संपूर्ण चेहऱ्यावरून ओली तुरटी फिरवा. जिथे झोंबते तिथे दाब जास्त झाला किंवा हात जास्त वेळा गेला. दर दाढीनंतर त्या जागा टिपून ठेवल्या तर हात कुठे बिघडतो हे नेमके समजते, आरशात लाली दिसण्याच्याही आधी.

दाढीनंतर वस्तरा

पाते धुवा, पाठीकडून धारेकडे टिपून कोरडे करा आणि कापडी पट्ट्यावर ८–१० फेऱ्या मारा, उरलेली ओल जाते. गंज बहुतेक वेळा पात्यावर नाही, खिळीजवळ मुठीच्या दोन फळ्यांमध्ये लागतो, कारण तिथले पाणी दिसत नाही. तिथे टिश्यूची घडी सरकवा. वस्तरा तासभर उघडा ठेवून मगच मिटा, आणि न्हाणीघरात ठेवू नका. रोज वापरात नसेल तर पात्याला खनिज तेलाचा पातळ हात द्या. शिंगाची किंवा लाकडाची मूठ गरम पाण्यात बुडवू नये, ती तडकते किंवा वाकते.

धार गेली तर

नीट वापरलेली धार काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकते. दाढीचा राठपणा आणि परजण्याची सफाई यांवर ते ठरते. सलग दोन दाढ्यांत नेहमीच्या जागी ओढले आणि फेस-ताण ठीक होते, तर धारेला हात घालायची वेळ आली.

पहिला उपाय म्हणजे ०.५ मायक्रॉनचे क्रोमियम ऑक्साइड चोळलेला वेगळा पट्टा. त्यावर १०–१५ फेऱ्या, मग साध्या चामड्यावर नेहमीप्रमाणे. रोजच्या पट्ट्याला ही पावडर कधीही लावू नका. हा उपाय चार-पाच वेळा चालतो. नंतर धार गोलसर होत जाते आणि दगडच लागतो.

दगडावर पाण्याचा थर ठेवून पाठ आणि धार दोन्ही टेकवा, पण चाल पट्ट्याच्या उलट : इथे धार पुढे. पाठ टेकलेली असली की कोन आपोआप ठरतो, वस्तऱ्याची घडणच तशी आहे. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा : आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. १२००० ग्रिटच्या दगडावर १०–२० हलक्या फेऱ्यांत थकलेली धार परत येते. त्याआधी दगड सपाट आहे याची खात्री करा : त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर पसरलेल्या ओल्या सँडपेपरवर घासा. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट. धारेला टवका उडाला असेल तर काम १००० ग्रिटपासून सुरू होते, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२०००. १०००चा दगड पोलाद भराभर खातो, म्हणून आपल्या एकुलत्या वस्तऱ्यावर तो शिकू नये. ते काम जाणकाराला द्या आणि शिकायचेच असेल तर एखादा मोडीत निघालेला जुना वस्तरा त्यासाठी ठेवा.

जमत असेल तर चांगली धार लावलेले दोन वस्तरे आळीपाळीने वापरा आणि त्यातला एक आठवड्यातून एकदाच. एका वस्तऱ्याने ओढले आणि दुसऱ्याने नाही, तर पहिल्याची धार गेली. दोन्हींनी एकाच जागी ओढले, तर धार निर्दोष आहे. त्या जागी त्वचेचा ताण किंवा पाठीची उंची तपासा.